हुगळीकाठचे केरी दांपत्य



डिसेंबर आला की आपल्या बेटावर उकाडा चढतो, लिचीचे घोस बाजारात येतात, शाळा बंद होतात आणि शेजारच्या क्रिओल घरांतून नाताळची लगबग ऐकू येते. बंगालमध्ये याच महिन्यात थंडी पडते. नदीवर सकाळचे धुके असते, आणि विलायती भाजीपाल्याचे व फुलांचे बी पेरायचे ते याच दिवसांत. कलकत्त्याहून काही मैल वर, हुगळी नदीच्या काठी, श्रीरामपूर नावाचे गाव आहे. महाराष्ट्रात अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) एक श्रीरामपूर आहे ते हे नव्हे. बंगालचे हे श्रीरामपूर त्या काळी इंग्रजांचे नव्हते, डेन्मार्कच्या राजाचे होते. तिथे विल्यम केरी नावाचे एक इंग्रज मिशनरी १८०० सालापासून १८३४ साली मृत्यू येईपर्यंत राहिले. एकदाही ते मायदेशी परतले नाहीत.

केरी साहेबांचे नाव आपण मराठी माणसांनी का ठेवावे, हे आधी सांगतो. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत लिहून छापले आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. त्यापूर्वी पोर्तुगीज पाद्र्यांनी रोममध्ये १७७८ साली एक मराठी व्याकरण छापले होते, ते सोडले तर छापील पुस्तकावरून मराठी शिकण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. ज्या भाषेचे मूळ गाव हजार मैल दूर, तिचे हे काम बंगालमधल्या नदीकाठी झाले.

त्यांच्या चरित्रकारांनी भाषांची संख्या मोजली आहे, पुस्तकांची यादी केली आहे. ती यादी मोठीच आहे. पण हे सगळे ज्या घरात बसून झाले त्या घराविषयी थोडे लिहावे असे मला वाटते. कारण त्या घरात केरी साहेब एकटे नव्हते, आणि कामाची किंमत त्यांनी एकट्याने दिलेली नाही.

जन्म १७ ऑगस्ट १७६१, इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायर परगण्यातले पॉलर्सपरी हे खेडे. बाप आधी विणकर, मग गावचा शाळामास्तर. मुलगा जोडे शिवण्याचे काम शिकला. जोडे शिवता शिवता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला, आणि पोटासाठी मोल्टन गावी शाळाही चालवू लागला. शाळामास्तर म्हणून ते फारसे यशस्वी नव्हते, मुलांवर त्यांचा वचक नव्हता, हे त्यांनी स्वतःच पुढे कबूल केले आहे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून बरे वाटते.

वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, १० जून १७८१ रोजी, त्यांचे डोरोथी प्लॅकेट या मुलीशी लग्न झाले. डोरोथीबाई त्यांच्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या होत्या. लग्नाच्या नोंदवहीत त्यांनी सही केली नाही, फुली केली, कारण त्यांना लिहिता येत नव्हते. गावाबाहेरचे जग त्यांनी पाहिले नव्हते, आणि पाहायची त्यांची इच्छाही नव्हती. १७९३ साली नवऱ्याने हिंदुस्थानात जायचे ठरवले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या. केरी साहेब थोरल्या मुलाला, फीलिक्सला, घेऊन एकटेच निघाले. जहाजात काही अडचण उभी राहिली म्हणून उतरावे लागले. दुसरे जहाज मिळेपर्यंत इकडे डोरोथीबाई बाळंत झाल्या होत्या. मग केरींचे सोबती डॉक्टर जॉन टॉमस यांनी जाऊन त्यांचे मन वळवले. बहीण बरोबर येत असेल तर येते, या अटीवर त्या कबूल झाल्या. तान्हे मूल पदरी, लहान मुले हाताशी, अशा स्थितीत १३ जून १७९३ रोजी ही मंडळी डेन्मार्कच्या एका जहाजातून निघाली आणि पाच महिन्यांनी, ११ नोव्हेंबरला, बंगालात उतरली.

पहिला डिसेंबर कसा गेला? पैसे संपले होते. टॉमस डॉक्टर मनाचे चांगले, पण हिशेबाला कच्चे. डोरोथीबाई आणि फीलिक्स रक्ताच्या हगवणीने आजारी. एका बंगाली सद्गृहस्थाने बागेतले लहानसे घर राहायला दिले म्हणून डोक्यावर छप्पर मिळाले. त्यानंतर सुंदरबनाच्या बाजूला काही महिने, मग मालद्याजवळ मुदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी. तिथे १७९४ च्या ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर तापाने गेला. या मुलानंतर डोरोथीबाईंचे मन जे ढळले ते कधीच ताळ्यावर आले नाही. नवऱ्यावर नाही नाही ते संशय, रस्त्यात मागे जाऊन आरडाओरडा, कधी अंगावर धावून जाणे. त्या काळी अशा आजारावर औषध नव्हते. वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असे सल्ले केरी साहेबांना मिळाले. त्यांनी ते ऐकले नाही. अखेरपर्यंत बायकोला घरातच ठेवले. याबद्दल त्यांचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. पण ज्या बाईने आधी नाही म्हटले होते तिला समुद्रापार आणले कोणी, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो, आणि मला तो टाळता येत नाही.

१७९९ च्या अखेरीस केरींनी मुदनाबाटी सोडली आणि १० जानेवारी १८०० रोजी ते श्रीरामपूरला पोहोचले. इंग्लंडहून जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना, विल्यम वॉर्ड वगैरे मंडळी नुकतीच आली होती. कंपनी सरकार मिशनऱ्यांना आपल्या हद्दीत राहू देत नव्हते. डेन्मार्कच्या गव्हर्नरांनी, कर्नल बी यांनी, मात्र आसरा दिला. नदीकाठचे एक मोठे घर विकत घेतले. सगळी कुटुंबे एकत्र, सगळ्यांचा एकच मुदपाकखाना, जेवणाचे टेबल एकच, मिळकत सगळी सामाईक खात्यात. आपल्याकडच्या जुन्या एकत्र कुटुंबासारखेच हे, फक्त नात्याऐवजी कामाने बांधलेले. घराचा कारभार हॅना मार्शमनबाईंच्या हाती होता. त्यांनी मुलांची निवासी शाळा चालवली, तिच्या फीवर बराच खर्च भागे. शिवाय केरींची चार मुले, जी आईच्या आजारामुळे आणि बापाच्या कामामुळे मोकाट सुटली होती, त्यांच्यावर लक्ष ठेवणे हेही या बाईंनी केले. वॉर्ड छापखाना बघत आणि फावल्या वेळी मुलांना समजावत. केरी साहेब मुलांशी फार मऊ होते, असे त्यांच्या सोबत्यांचे मत होते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कृष्ण पाल नावाचा सुतार नदीच्या घाटावर पडला आणि त्याचा हात खांद्यातून निखळला. टॉमस डॉक्टरांनी त्याला झाडाला बांधून हात बसवला. तेव्हापासून तो मिशनऱ्यांकडे येऊ लागला. नाताळच्या दोनतीन दिवस आधी त्याने त्यांच्या पंक्तीला बसून जेवण घेतले. म्हणजे जात गेली. गावात गडबड झाली, जमाव जमला, त्याला धरून नेले. गव्हर्नरांनी त्याला सोडवले. आणि २८ डिसेंबर १८०० रोजी, रविवारी, केरी साहेबांनी हुगळीच्या पाण्यात दोघांना बाप्तिस्मा दिला. एक त्यांचा स्वतःचा मुलगा फीलिक्स, दुसरा कृष्ण पाल. सात वर्षांच्या श्रमानंतरचा हा पहिला बंगाली ख्रिस्ती. घाटावर गव्हर्नर होते, युरोपियन होते, हिंदू-मुसलमान होते. गव्हर्नरांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्याच वेळी आवारात काय चालले होते, तेही नोंदलेले आहे. टॉमस डॉक्टरांना आनंदाच्या भरात वेड लागले होते. त्यांना खोलीत ठेवावे लागले, आणि ते मोठमोठ्याने बरळत होते. समोरच्या खोलीत डोरोथीबाई कोंडलेल्या, त्यांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. नदीवर प्रार्थना चालू आणि मागे हे आवाज.

त्यांच्या पंथात त्या काळी नाताळच्या सणाला फारसे महत्त्व नव्हते. दर रविवार हाच त्यांचा सण. त्यामुळे केरींच्या डिसेंबरात रोषणाई शोधू नये. थंडीचे दिवस म्हणजे कामाचे दिवस, होडीने गावोगाव फिरण्याचे दिवस, बागेत पेरणीचे दिवस.

१८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. कंपनीचे कोवळे अधिकारी विलायतेहून यायचे, त्यांना देशी भाषा शिकवायच्या. केरींकडे बंगाली आणि संस्कृत, पुढे मराठीही आली. पगार आधी ५०० रुपये महिना, नंतर १०००. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. थोडा हातखर्च आणि कॉलेजात बरे दिसेल असा पोशाख, एवढ्यापुरते ठेवून बाकी सगळे सामाईक खात्यात जाई. दर आठवड्याला मंगळवारी संध्याकाळी होडीने कलकत्त्याला जायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचे. हा क्रम त्यांनी जवळजवळ तीस वर्षे पाळला.

१८०६ च्या जूनमध्ये त्यांनी एका मित्राला आपल्या कलकत्त्यातल्या एका दिवसाचा हिशेब लिहून पाठवला. पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा एक अध्याय, मग सातपर्यंत प्रार्थना. सातला नोकरांसह बंगालीत प्रार्थना. चहा ओतला जाईपर्यंत मुनशीजवळ बसून फार्सी. न्याहारीपूर्वी थोडे हिंदुस्तानी. न्याहारी होताच पंडिताला घेऊन संस्कृत रामायणाचे इंग्रजी भाषांतर, दहा वाजेपर्यंत. मग कॉलेज, दुपारी एकदोनपर्यंत. घरी येऊन बंगाली मुद्रिते तपासणे. जेवणानंतर मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांच्यासह संस्कृत भाषांतर, सहापर्यंत. मग तेलुगू पंडित. साडेसातला प्रवचन. नऊला लोक गेले की बंगाली भाषांतर अकरापर्यंत. मग पत्रे. आणि झोपण्यापूर्वी ग्रीक बायबलचा एक अध्याय. आपण विद्यार्थ्यांना वेळापत्रक करायला सांगतो, हे वेळापत्रक वाचून आपलीच छाती दडपते. त्यांना असामान्य बुद्धी होती की नव्हती याचा वाद इतरांनी करावा. मला तर हा नुसता चिकाटीचा चमत्कार वाटतो, बैलाने नांगर ओढावा तसा.

या सगळ्यात मराठी कुठे बसली? कॉलेजात नागपूरकडचे वैजनाथ शर्मा हे मुख्य मराठी पंडित होते. केरींना मराठी शिकवली ती त्यांनी, व्याकरण आणि कोश या दोन्ही कामांत हात होता तो त्यांचा, आणि केरी साहेबांनी त्यांचे ऋण मानलेही आहे. १८०५ चे व्याकरण निघाले तेव्हा मोडीचे ठसे तयार नव्हते, म्हणून मराठी मजकूर देवनागरीत छापावा लागला. त्या काळी मराठी माणूस पत्र, हिशेब, दस्तऐवज सगळे मोडीत लिही. म्हणून पुढे छापखान्यात मोडीचे ठसे पाडले आणि १८१० चा कोश मोडी अक्षरांत निघाला. व्याकरणाच्या शेवटी रोजच्या व्यवहारातली मराठी संभाषणे जोडली आहेत, ही मला त्या पुस्तकातली सर्वात शहाणपणाची गोष्ट वाटते. विभक्ती पाठ करून भाषा येत नाही, हे त्या जोडे शिवणाऱ्या मास्तरांना ठाऊक होते. वैजनाथ पंडितांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली आणि 'हितोपदेश' १८१५ साली तिथेच छापून निघाले. मराठी छापील गद्याचा आरंभ सांगताना या पुस्तकांची नावे घ्यावी लागतात. केरींचे नाव सर्वांना माहीत आहे, वैजनाथांचे फार थोड्यांना.

दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. बंगालात बसून केलेली ही मराठी कोकणच्या किंवा पुण्याच्या माणसाला अडखळणारी होती. श्रीरामपूरचा मराठी नवा करार १८११ साली निघाला, पण मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी त्यावर समाधान न मानता स्वतः नव्याने भाषांतर करून १८२६ साली छापले. १८३१ साली मोल्सवर्थ साहेबांचा मोठा कोश आला आणि केरींचा कोश मागे पडला. एवढ्या भाषा एका माणसाने हातात घेतल्यावर सगळ्याच पक्क्या कशा होणार?

डोरोथीबाई ८ डिसेंबर १८०७ रोजी तापाने वारल्या. वय ५१. त्यांच्या मनात काय होते हे सांगणारी त्यांच्या हातची एकही ओळ आपल्याजवळ नाही. बारा वर्षे त्या मनाच्या अंधारात होत्या, आणि त्यातली बरीच वर्षे पलीकडच्या खोलीत नवरा एकेका भाषेचे व्याकरण लावत बसलेला होता.

पुढच्या मे महिन्यात केरींनी शार्लोट एमिलिया रुमोर यांच्याशी लग्न केले. सहा महिनेही झाले नव्हते. सोबत्यांना ही घाई पटली नाही, त्यांनी सुरुवातीला विरोध केला, मग बाईंचा स्वभाव जाणून गप्प बसले. आज वाचतानाही घाई खटकते. पण या लग्नाची तेरा वर्षे पाहिली म्हणजे राग टिकत नाही.

शार्लोटबाई डेन्मार्कच्या राज्यातल्या श्लेस्विग प्रांतातल्या एका सरदार घराण्यातल्या. जन्म १७६१, म्हणजे केरींच्याच वयाच्या. पंधरासोळा वर्षांच्या असताना वडिलांच्या वाड्याला रात्री आग लागली. त्या प्रसंगाचा त्यांच्या शरीरावर असा परिणाम झाला की जिने चढणे त्यांना पुढे कधी जमले नाही, प्रकृती कायमची नाजूक झाली. उष्ण हवा मानवेल म्हणून त्या हिंदुस्थानात आल्या. श्रीरामपूरला नदीकाठी त्यांचे घर होते. तिथे मिशनच्या शेजारी राहता राहता त्या केरींकडून इंग्रजी शिकल्या, आणि १८०३ च्या जूनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लग्नानंतर आपले घर त्यांनी मिशनला दिले. त्याच्या भाड्यातून देशी प्रचारकांचा खर्च भागू लागला.

दोघेही सत्तेचाळिशीला आलेले. लेकरे मोठी होत चाललेली. फीलिक्स तर १८०७ सालीच ब्रह्मदेशात गेला होता. आता प्रथमच केरींच्या घरात कोणीतरी कामाबद्दल बोलायला होते. शार्लोटबाईंना जर्मन, फ्रेंच, इटालियन येत होत्या. बायबलच्या एखाद्या वाक्यावर केरी अडले की त्या आपल्या भाषांतली भाषांतरे वाचून दाखवत. बंगालीही शिकल्या, म्हणजे नव्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या बायकांशी बोलता यावे. सावत्र मुलांना त्यांनी आपले मानले. आठवड्यातले तीन दिवस नवरा कलकत्त्याला, मग चिठ्ठ्या जात-येत. हवापालटासाठी त्या नदीने वरच्या मुलखात गेल्या की पत्रे लांब होत. मंगळवारी होडी सुटताना निरोप द्यायला आणि शुक्रवारी वाट पाहायला कोणी असणे ही साधी गोष्ट आहे, पण केरींना ती वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मिळाली.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. केरी कलकत्त्यात होते, शार्लोटबाई श्रीरामपुरात. वॉर्डनी दारे-खिडक्या बंद करून आग कोंडून धरली होती, पण कोणीतरी खिडकी उघडली आणि सगळे पेटले. कागदाचा साठा, चौदा देशी लिप्यांचे ठसे, आणि सर्वात वाईट म्हणजे हस्तलिखिते गेली. अनेक भाषांचा एकत्र कोश, दोन व्याकरणे, रामायणाच्या भाषांतराचा भाग. मार्शमन दुसऱ्या दिवशी सकाळी ही बातमी घेऊन कलकत्त्याला गेले. यंत्रे तेवढी वाचली होती, आणि राखेत ठशांचे पोलादी साचे सापडले. काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली, आणि केरी जळालेली पाने पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले.

त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेहून दोन तरुण जोडपी कलकत्त्यास उतरली. केरींनी त्यांना श्रीरामपूरला नेऊन ठेवले. त्यांतले एक म्हणजे सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट. हॅरिएट अठरा वर्षांची. लग्नाला चार महिने झालेले. कंपनी सरकारने हुकूम काढला की अमेरिकेला परत जा. शेवटी आपल्या या बेटावर जाण्याची परवानगी मिळाली. १८१० च्या डिसेंबरात ते इंग्रजांनी जिंकले होते, पण त्या लोकांच्या तोंडी अजून जुने नाव, ईल द फ्रान्स. जहाजात दोघांपुरतीच जागा होती, म्हणून न्यूएल दांपत्य ४ ऑगस्टला निघाले. वादळाने जहाज कोरोमंडल किनाऱ्याला लागले. पुढे भर समुद्रात हॅरिएट बाळंत झाल्या, मुलगी पाच दिवस जगली. नोव्हेंबरात जहाज पोर्ट लुईला लागले तेव्हा हॅरिएट क्षयाने खंगल्या होत्या. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या गेल्या. वय १९. पोर्ट लुईतच त्यांना मूठमाती मिळाली. सॅम्युएल एकटे सिलोनला आणि तिथून मुंबईला गेले, आणि ज्या मुंबईच्या मराठी मिशनचा मी वर उल्लेख केला, त्याच्या आरंभीच्या मंडळींपैकी ते एक. श्रीरामपूर, आपले बेट आणि मराठी मुलूख यांच्यातला हा धागा आपल्याकडच्या थोड्यांना ठाऊक असेल.

केरींची खरी हौस म्हणजे बाग. पाचेक एकरांत त्यांनी शेकडो जातींची झाडे लावली होती. सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर ते तिथे असत, आणि प्रार्थनेची त्यांची जागाही तीच. एकदा विलायतेहून बियाण्याची पिशवी आली. बी काढून घेतल्यावर त्यांनी ती सावलीच्या कोपऱ्यात झटकली, आणि काही दिवसांनी तिथे इंग्लंडच्या कुरणावरचे साधे डेझीचे रोप उगवलेले दिसले. तीस वर्षांत ते फूल त्यांनी पाहिले नव्हते. दरवर्षी त्याचे बी धरून ते जपत राहिले. १८२० साली शेती आणि बागाईत सुधारण्यासाठी त्यांनी एक संस्थाही कलकत्त्यात काढली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. त्यांनी एका झाडजातीला केरींचे नाव दिले. शास्त्रीय भाषेत ते केरिया आर्बोरिया. कोकणात आणि सह्याद्रीत त्याला कुंभा म्हणतात. ज्यांच्या आज्या-पणज्या रत्नागिरी, सावंतवाडीकडून आल्या त्यांच्या घरी हे नाव कधी काळी नक्की बोलले गेले असेल.

१८१८ साली श्रीरामपूरचे कॉलेज निघाले, त्याच वर्षी 'समाचार दर्पण' हे बंगाली वर्तमानपत्र. या गोष्टी सर्वत्र लिहिलेल्या आहेत.

शार्लोटबाई मे १८२१ मध्ये गेल्या. साठ वर्षे पुरी झाली होती. केरींनी तेव्हा लिहिलेल्या पत्रांत त्यांचे एकटेपण लपत नाही. पुढच्याच वर्षी फीलिक्स गेला, १८२३ मध्ये सोबती वॉर्ड. काही काळाने केरींनी ग्रेस ह्यूज या विधवा बाईंशी तिसरे लग्न केले. १८२३ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याहून परतताना होडीतून उतरता उतरता ते पडले आणि मांडीच्या सांध्याला भयंकर दुखापत झाली. बिछान्यावर पडलेले असतानाच दामोदर नदीचा पूर आला. बागेत पाणी शिरले, वर्षानुवर्षे जमवलेली रोपे वाहून गेली, नदीकाठचे घर ढासळू लागले. म्हातारपणी कुबड्या घेऊन त्यांनी बाग पुन्हा लावली.

आणखी एक डिसेंबर सांगायचा राहिला. सतीची चाल बंद व्हावी म्हणून केरी पंचवीसहून अधिक वर्षे सरकारकडे लिहीत होते. कलकत्त्याच्या आसपास चितेवर गेलेल्या बायकांची मोजदादही त्यांनी करवली होती. ४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला. तो बंगालीत आणण्यासाठी केरींकडे पाठवला, आणि कागद हातात पडला तो रविवारी सकाळी. ते प्रवचनाला निघत होते. केरींसारखा माणूस रविवारी दुसरे काम कधी करत नसे. त्यांनी काळा कोट काढला, प्रवचन दुसऱ्यावर सोपवले, पंडिताला बोलावले आणि बसले. कायदा बंगालीत प्रसिद्ध व्हायला एक तासाचा उशीर झाला तरी कुठे तरी एक बाई जळेल, असा त्यांचा हिशेब होता. अंधार पडायच्या आत भाषांतर पुरे झाले. अडुसष्ट वर्षांचे वय, अधू पाय, आणि कामाला बसण्याची तीच जुनी पद्धत. त्या महिन्यात बंगालच्या किती घरांतल्या विधवा वाचल्या हे कोणी मोजलेले नाही.

शेवटची दोन-तीन वर्षे आजारात गेली. चालवत नसे तेव्हा चाके लावलेल्या खुर्चीत बसवून त्यांना बागेतून फिरवत. खुर्चीतही जमेना तेव्हा माळ्याला खोलीत बोलावून झाडांची चौकशी करत. ९ जून १८३४ रोजी पहाटे ते गेले. दुसऱ्या दिवशी पावसात अंत्ययात्रा निघाली. डेन्मार्कच्या गव्हर्नरांनी निशाण अर्ध्यावर उतरवले होते. त्याच वर्षी त्याच हुगळीतून 'अ‍ॅटलस' जहाज छत्तीस मजूर घेऊन निघाले आणि २ नोव्हेंबरला पोर्ट लुईला लागले. पुढचा इतिहास आपल्या घरोघरचा आहे. आपले मराठी लोक मात्र बहुतेक मुंबई बंदरातून आले.

केरींचे मृत्युपत्र छोटे आहे. इस्टेट म्हणावी अशी त्यांच्याजवळ नव्हती, पुस्तके होती. दफनाविषयी त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले होते, की साधेपणाने करावे आणि आपल्याला शार्लोटबाईंच्या शेजारी ठेवावे. तसेच झाले. श्रीरामपूरच्या मिशनच्या दफनभूमीत दोघे एकमेकांशेजारी आहेत.